बाईंच्या खुर्चीतला कापूस

खुर्च्या मढवणाऱ्या कारागिराच्या दुकानात मालक कोण, असं कुणी विचारलं असतं तर गल्लीतल्या कुणीही खिडकीकडे बोट दाखवलं असतं. तिथे काचेच्या आत, उन्हाच्या पट्ट्यात, आक्का बसलेली असायची. करड्या अंगावर काळे पट्टे, एका कानाला जुन्या भांडणाची खाच, आणि चेहऱ्यावर असा भाव की देवाने हे जग घडवलं ते तिला विचारूनच, आणि तरीही दोन-चार गोष्टी त्याने तिच्या मनाविरुद्ध केल्या.

आक्का हे नाव तिला कुणी ठेवलं नव्हतं. थोरल्या बहिणीसारखी ती घरात वावरायला लागली आणि नाव आपसूक चिकटलं. खाली दुकान, वर घर, मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि या तिन्ही ठिकाणी तिचा शब्द चालायचा. मांजराला कसला आलाय शब्द, असं ज्याला वाटतं त्याने मांजर पाळलेलं नाही, एवढंच म्हणता येईल.

दुसरा भोपळ्या. त्याच्या येण्याची कथा अशी, की एकदा तीन जणांचा जुना सोफा दुरुस्तीला आला होता. कारागिराने तो उलटा करून खालचं गोणपाट फाडलं, तर आतून मूठभर धूळ, दोन बटणं, एक कंगवा आणि लिंबाएवढ्या डोक्याचं एक पिवळं पिल्लू बाहेर पडलं. कारागिराने सोफ्याच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "कंगवा माझा आहे. मांजर माझं नाही."

झालं. पिल्लू राहिलं. आक्काने तीन दिवस त्याच्यावर फिस्कारून आपला दरारा बसवला, चौथ्या दिवशी त्याला मानगुटीला धरून स्वतःच्या जागेवर नेऊन ठेवलं आणि चाटून चाटून इतकं ओलं केलं की कारागिराच्या बायकोला वाटलं, पाण्यात पडलं की काय. पुढे त्या पिल्लाचा साडेसात किलोचा भोपळा झाला. काळीज मात्र चिमणीचंच राहिलं. दाराची कडी वाजली की तो शिलाई मशीनच्या खाली, आणि कोण आलंय ते आक्काने पाहून झाल्यावर मग बाहेर. अकरा वर्षं हेच.

कारागिराचं वय अठ्ठावन्न. त्याची कामाची एक रीत होती. बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाला तो चिकटवायचा आणि ठोकायचा. म्हणजे दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा. या रीतीचा आणखी एक फायदा असा, की तोंडात खिळे असलेल्या माणसाकडे कुणाला उत्तर मागता येत नाही. पाहुणे कधी बोलवायचे, छताची गळती कधी काढायची, असल्या प्रश्नांची चाहूल लागली की कारागीर हळूच चिमूटभर खिळे तोंडात टाकायचा. त्याची बायको मशीनवर खोळी शिवता शिवता म्हणायची, "लग्नाला तीस वर्षं झाली. त्यातली बारा तरी यांनी खिळेच चघळलेत."

आक्का सतराव्या वर्षी गेली. सोमवारी सकाळी. फार काही झालं नाही. उन्हाचा पट्टा खिडकीत आला, ती त्यात आडवी झाली. मग ऊन पुढे सरकलं. आक्का सरकली नाही. तेव्हा कारागिराच्या लक्षात आलं.

बायको रडली ती तिथेच, दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, मोकळ्या गळ्याने. मग बहिणीला फोन करून रडली, मग वहिनीला. मग डोळे पुसून तिने चहा टाकला आणि घर धुवायला काढलं. तिच्या दुःखाला पाणीच लागायचं. सासू गेली तेव्हा तिने पडदे धुतले होते. आता आक्काची टोपली, टोपलीतलं पांघरूण, जिन्यावरचं पायपुसणं, खिडकीतली उशी, सगळं साबणात बुडालं. दुपारपर्यंत दोरीवर आक्काचा सगळा संसार वाळत होता.

कारागीर रडला नाही. दुकानामागच्या झाडाखाली त्याने खड्डा खणला, माती सारखी केली, हात धुतले, आणि आत येऊन तोंडात खिळे टाकले. एक चिमूट नव्हे, दोन. सोमवार आणि मंगळवार या दोन दिवसांत त्याने जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या, पियानोचं एक स्टूल आणि तीन महिने रखडलेली शाळेच्या बाईंची आरामखुर्ची हातावेगळी केली. बायको काही विचारायला गेली की तो ओठांतल्या खिळ्यांकडे बोट दाखवायचा.

"बोलू नका," ती म्हणायची. "पण ते गिळू तरी नका."

या सगळ्या धांदलीत भोपळ्याने सोमवारपासून काही खाल्लं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बुधवारी बायकोने वाडगा उचलला तर मासळीचे तुकडे जसेच्या तसे, वरून नुसते सुकलेले.

"अहो, हा जेवत नाहीये."

कारागिराने मशीनच्या खाली वाकून पाहिलं. भोपळ्या पाय पोटाखाली घेऊन बसला होता. डोळे उघडे, पण पाहणं कशाकडेच नाही. त्याने बोट पुढे केलं. भोपळ्याने बोट हुंगलं आणि मान वळवली.

मग सुरू झाली मनधरणी. बायकोने ताजी मासळी उकडून काटे काढून दिली. नाक मुरडलं. कोंबडीचं पाणी दिलं. त्यात पंजा बुडवून झटकला, जेवण म्हणून नव्हे, तर कुणीतरी वाटेत पाणी सांडून ठेवल्यासारखा. अंड्याचा बलक दिला. नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं की डब्यातल्या ट्यूना माशाला जगातलं कुठलंही मांजर नाही म्हणत नाही. डबा आणला. जगातलं एक मांजर नाही म्हणालं. शेवटी कारागिराने त्याला मांडीत दाबून धरलं आणि बायकोने पिचकारीने पातळ खिमट तोंडात सोडलं. त्यातलं निम्मं बायकोच्या चष्म्यावर आलं आणि निम्मं कारागिराच्या कानात. भोपळ्याच्या पोटात किती गेलं ते देव जाणे.

गुरुवारी सकाळी ते त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, रक्त घेतलं. तासाभराने म्हणाले, "आजार काही दिसत नाही. सोबतीण गेली म्हणून बसलाय. पण असं आहे, हाडकुळं मांजर चार दिवस उपाशी राहिलं तर एक वेळ निभावतं. हा असा गुबगुबीत उपाशी राहिला की अंगातली चरबी यकृतावर जाऊन बसते. उद्या संध्याकाळपर्यंत स्वतःहून खाल्लं तर बरं. नाहीतर नाकातून नळी घालू. आणि नळीचं म्हणाल, तर या भित्र्या जिवाला ती कितपत मानवेल, मी खोटा धीर देत नाही."

कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. या वेळी तोंडात खिळेही नव्हते.

"एक करून बघा," डॉक्टर म्हणाले. "तिचं अंथरूण असेल ना? न धुतलेलं. ते त्याच्याजवळ ठेवा. वासाने कधी कधी धीर येतो."

बायकोने कपाळावर हात मारला.

घरी येईस्तोवर ती रिक्षात एकेक वस्तू मोजत होती. "टोपली धुतली. पांघरूण धुतलं. उशी धुतली, दोनदा धुतली. पायपुसणं धुतलं. मेल्या या हातांना जरा म्हणून दम नाही!" आणि मग एकदम तिने कारागिराचा दंड धरला. "अहो! कापूस! टेबलावरचा कापूस मी नाही धुतला. कापूस कोण धुतं?"

कापड बेतायच्या मोठ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पिंजलेल्या कापसाचा एक जाड थर घडी घालून ठेवलेला असायचा. हिवाळ्यात आक्का त्यावर झोपायची. तिच्या अंगाच्या मापाचा खळगा त्यात पडला होता.

दोघं जवळजवळ धावतच दुकानात शिरले. कोपरा रिकामा होता.

"इथेच होता," बायको म्हणाली. "मी हात लावला नाही, देवाशपथ."

कारागीर कोपऱ्याकडे पाहत राहिला. मग सवयीने त्याचा हात खिळ्यांच्या डबीकडे गेला. बायकोने डबी उचलून पाठीमागे धरली.

"आधी बोला."

"बाईंच्या खुर्चीत," कारागीर म्हणाला.

"काय बाईंच्या खुर्चीत?"

"कापूस. सोमवारी दुपारी बैठकीला एक थर कमी पडत होता. मी हात लांब केला आणि... तीस वर्षं कापूस त्याच कोपऱ्यात असतो गं. हाताने उचलला, पसरला, वरून कापड ताणलं, खिळे मारले. डोकं कुठे होतं मलाच ठाऊक नाही."

"म्हणजे आक्काचं अंथरूण बाईंच्या बुडाखाली आहे?"

"मंगळवारी संध्याकाळपासून."

बायकोला हसू की रडू कळेना, तेव्हा तिने दोन्ही उरकून घेतलं. मग म्हणाली, "जा. मागून आणा."

"बाईंकडून? मी?"

"खुर्ची मी मढवली का?"

आता या बाई कोण, ते सांगायला हवं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, ताठ कण्याच्या, एकट्या राहणाऱ्या. चाळीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या. कारागीर चौथीत त्यांच्या वर्गात होता आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं की आजही चौथीतच असायचा. हातोडी धरून धरून घट्टे पडलेले त्याचे हात बाईंच्या दारात आपोआप पाठीमागे जायचे.

बाई त्या खुर्चीतच बसल्या होत्या. वर्तमानपत्र मांडीवर, भिंग हातात.

"ये. पैसे कमी दिले का मी?"

"नाही बाई."

"मग चेहरा असा का? चांगलं काम केलंयस. दोन दिवस माझी कंबर दुखली नाही. मी मनाशी म्हटलं, चला, पोरगं काहीतरी शिकलं शेवटी."

"बाई, ती खुर्ची मला उघडावी लागेल."

"का?"

"आत... चुकून... एक वस्तू राहिली आहे."

"कात्री?"

"नाही."

"सुई? अरे, सुई असेल तर स्पष्ट सांग. मी बसलेय तिच्यावर."

"सुई नाही बाई. मांजर."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. क्षणभर त्या जागच्या हलल्या नाहीत. मग दोन्ही हात टेकून, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने, त्या उभ्या राहिल्या आणि खुर्चीकडे वळून पाहिलं.

"म्हणजे तसं मांजर नाही," कारागीर घाईघाईने म्हणाला. "मांजराचं अंथरूण. आमच्या आक्काचं."

मग त्याने सगळं सांगितलं. खालमानेने, पाठ केलेला धडा म्हणावा तसं. कापूस, भोपळ्या, डॉक्टर, उद्याची संध्याकाळ. फक्त आक्का गेली हे दोन शब्द त्याच्या तोंडून येईनात. "आक्का आता नाहीये तिथे," असं काहीतरी तो म्हणाला.

"तिथे नाहीये तर कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "वाक्य पूर्ण कर."

कारागिराचा हात खिशात खिळे चाचपायला गेला.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्वर बदलून म्हणाल्या, "मला मांजरं आवडत नाहीत, तुला ठाऊक असेल. शिस्त नसते. पण उपाशी कुणी राहिलेलं मी माझ्या शाळेत चालवून घेतलं नाही. उघड."

तिथेच, बाईंच्या गालिच्यावर वर्तमानपत्र पसरून, कारागिराने खुर्ची आडवी केली. पक्कडीने एकेक खिळा उपटला. कापड मागे सारलं. आणि बैठकीच्या मधोमध तो थर दिसला: पांढऱ्या कापसावर करडे केस, आणि दोन दिवस बाईंनी बसूनही पुरता न मोडलेला एक गोल खळगा. कारागिराने तो दोन्ही हातांनी उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा.

"केवढी होती?" बाईंनी विचारलं.

"सतरा वर्षांची."

"आकाराने विचारतेय."

त्याने खळगा दाखवला. बाईंनी मान डोलावली, खुंटीवरचा कोट घेतला आणि काठी उचलली.

"बाई, तुम्ही कुठे?"

"तू माझी खुर्ची फाडलीस. आता मी बसू कुठे? शिवाय वर्गातली मुलं मला काय काय कारणं सांगायची, ते मला माहीत आहे. असं एखादं मांजर खरोखर आहे का, मला पाहू दे."

दुकानात बायको दारातच उभी होती. बाईंना पाहून तिने पदर सावरला, स्टूल पुसून पुढे केलं. मशीनच्या खालून दोन पिवळे डोळे चमकले आणि आत सरले.

"हाच का तो उपोषणवाला?" बाई म्हणाल्या.

"हो बाई. नुसता बसून असतो हो," बायको म्हणाली.

कारागिराने कापूस मशीनपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला आणि मागे सरला. तिघं श्वास रोखून बसले. बराच वेळ काही नाही. मग मिश्या बाहेर आल्या, मग नाक, मग साडेसात किलोंतला उरलेला भोपळ्या. त्याने कापूस हुंगला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पोथीची ओळ वाचावी तसा. मग दोन्ही पंजांनी तो मळायला लागला, गोल फिरला, आणि त्या खळग्यात, जो त्याला अर्ध्यानेही पुरणार नव्हता, त्याने स्वतःला ओतून घेतलं. आणि घशातून घरघर. चार दिवसांनी पहिल्यांदा.

बायकोने तोंडावर हात ठेवला. कारागीर लगबगीने वाडगा घेऊन आला. ताज्या मासळीचा, अजून कोमट. त्याने तो भोपळ्याच्या नाकासमोर ठेवला.

भोपळ्याने वाडग्याकडे पाहिलं. मग मान वर करून कारागिराकडे. मग दाराकडे. पुन्हा वाडग्याकडे. जिभेचं टोक बाहेर आलं, आत गेलं. तोंड काही लावेना.

"खा रे राजा," बायको काकुळतीला आली. "खा ना. बघ, कसा वास सुटलाय."

दाराकडे. वाडग्याकडे.

"मेलं माझं नशीब," ती मटकन खाली बसली. "वासाने पण नाही."

उद्याची संध्याकाळ काही फार लांब नव्हती.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. स्टुलावर पुढे वाकून त्या भोपळ्याला न्याहाळत होत्या. "याला भूक आहे. लाळ गिळतोय बघा. चाळीस वर्षं मधल्या सुट्टीत मी डबे खाणारी मुलं पाहिलीत. न आवडणारं मूल वेगळं बसतं आणि वाट बघणारं मूल वेगळं बसतं. हा वाट बघतोय. घरात आधी कोण जेवायचं?"

कारागीर आणि बायको एकमेकांकडे पाहू लागले.

"वाडगा एकच होता," बायको सावकाश म्हणाली. "मोठा. दोघांचा मिळून. मी भरून ठेवायचे आणि वर जायचे."

"आधी कोण?"

"आक्का," कारागीर म्हणाला. "ती आधी खायची. हा मागे बसून राहायचा. तिचं पोट भरलं की ती बाजूला व्हायची, तोंड पुसायची, मग हा. कधी म्हणजे कधीच याने आधी तोंड लावलं नाही. याला भरलेला वाडगा ठाऊकच नाही, बाई. याला उष्टाच ठाऊक आहे."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "उष्टा करून दे."

बायकोने चटकन दोन तुकडे काढून घेतले. भोपळ्याने तिचा हात वाडग्यात जाताना आणि येताना पाहिला. ढिम्म.

"असं नाही चालायचं," बाई म्हणाल्या. "परीक्षेत कॉपी ओळखणारा विद्यार्थी आहे हा. कुणीतरी खरंच खायला हवं. तू खा."

"मी?" कारागीर म्हणाला.

"खुर्ची मी मढवली का?" बाई म्हणाल्या, आणि बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा कारागीर, ज्याच्या खुर्च्यांवर शहरातले बडे बडे लोक बसतात, आपल्या दुकानाच्या जमिनीवर हाता-गुडघ्यांवर ओणवा झाला. वाडग्याजवळ तोंड नेलं. एक तुकडा उचलला.

"हाताने नाही," बायको म्हणाली. "आक्का काय हाताने खायची?"

त्याने ओठांनी तुकडा उचलला. चावला. मीठ नाही, काही नाही, नुसता उकडलेला मासा. दुसरा तुकडा. बाहेर चष्मेवाला काचेपाशी थांबला, आत पाहिलं, आणि काहीही न विचारता सभ्य माणसासारखा पुढे गेला. तिसरा तुकडा. भोपळ्याचे कान पुढे झाले होते.

आणि त्या तिसऱ्या तुकड्याला कारागिराचा घास अडकला. सोमवारपासून त्याने तोंड बंद ठेवलं होतं ते लोखंडाने. आता तोंडात मऊ, अळणी, कोमट मासा होता. असल्या घासाने काही अडत नाही. ज्या जागी सतरा वर्षं आक्काचं तोंड असायचं त्या जागी त्याचं होतं, आणि तिथून, वाडग्याच्या काठाशी नाक टेकून, दुकान केवढं मोठं आणि केवढं रिकामं दिसतं ते त्याला दिसलं.

"आक्का गेली," तो म्हणाला. तोंड भरलेलं होतं, पण दोघींनाही स्वच्छ ऐकू आलं.

"हो," बायको म्हणाली. "गेली हो."

"उन्हात होती. मला वाटलं झोपलीय. मी हातोडी चालवत होतो."

"तिला त्या आवाजातच झोप लागायची."

मग त्याला जे रडू आलं ते थांबायचं नाव घेईना. ओणवा होता तो बाजूला कलंडून जमिनीवर बसला. बायको त्याच्याजवळ सरकली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली, "हो, हो," एवढंच म्हणत. बाई काचेबाहेर पाहत बसल्या. भोपळ्या कापसावरून उठला नव्हता. सगळं पाहत होता.

रडून रडून कारागीर दमला. नाक वाहत होतं, मिशीला मासा लागला होता. रुमाल सापडेना तेव्हा त्याने मनगटाच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं. एकदा. मग गाल अजून ओला लागला म्हणून पुन्हा, कानापासून हनुवटीपर्यंत. मग दुसऱ्या मनगटाने दुसरी बाजू.

"अहो," बायको कुजबुजली. "हलू नका."

भोपळ्या उठला होता. त्याने कारागिराकडे एकदा पाहिलं, थोरल्याची परवानगी मिळाली की धाकटा पाहतो तसं. कापसावरून उतरला. कारागिराच्या गुडघ्याला वळसा घालून वाडग्यापाशी आला. आणि खायला लागला.

चपचप असा आवाज दुकानात येत होता. तिघांपैकी कुणी हललं नाही. देवळात घंटा थांबल्यावर जसं कुणी बोलत नाही, तसं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. दोघांपैकी कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

वाडगा संपला. भोपळ्याने तो चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत नेला. बायकोने आणखी मासळी आणायला जिन्याकडे धाव घेतली, आणि चौथ्या पायरीवर थांबली.

"पण अहो, संध्याकाळी? उद्या सकाळी?"

"काय?"

"रोज दोन वेळा कुणीतरी आधी जेवायला हवं ना."

कारागिराने मिशीवरचा मासा काढला. "मी खाईन."

"आणि माल आणायला बाहेर गेलात की?"

"मग तू."

"मला मासे चालत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. वासाने उमळून येतं."

"मग काय, त्याला उपाशी ठेवायचं?"

"आवाज चढवू नका. बाई बसल्यात."

बाई बसल्या नव्हत्या. टेबलापाशी जाऊन त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला होता, आणि टेबलाच्या काळ्या लाकडावर, सरळ रेषा आखून, वळणदार अक्षरात आठवड्याचे वार लिहीत होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवारपुढे कारागीर. गुरुवार, शुक्रवारपुढे त्याची बायको. कंसात "नाक धरून". शनिवार पुन्हा कारागीर.

"बाई, रविवार राहिला," कारागीर म्हणाला.

"राहिला नाही." बाईंनी खडू टेकवला, क्षणभर थांबल्या, मग रविवारपुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "मासा ताजा हवा. आणि मला खाली बसता येत नाही, तेव्हा वाडगा टेबलावर."